जात्यावरच्या ओव्यांची सीडी

सीडीवर काळ्या मार्करनं तीन शब्द लिहिले होते : ‘बाई ओव्या फायनल’. आमच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्याचं अक्षर. आईनं त्याला शाळेत मराठी शिकवलेलं, म्हणून दुकान टाकल्यावरही तो तिला बाईच म्हणायचा.

२००० च्या सुमारास आईनं ओव्यांच्या तीन वह्या त्याच्याकडे दिल्या होत्या. तिच्या आजीच्या, आजीच्या जावांच्या, आणि सुट्टीत गावी गेल्यावर ज्या ज्या बायका म्हणून दाखवतील त्यांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या ओव्या. पुस्तक काढायचं तिच्या मनात होतं. टायपिंग झालं, नमुन्याचं एक प्रूफ आलं, आणि मग माझं इंजिनिअरिंग सुरू झालं. पुस्तकासाठी बाजूला काढलेले पैसे तिकडे गेले. सीडी माझ्या सामानातून पुण्याला आली. वह्या सांगलीच्या घरी, भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या खणात राहिल्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर आईनं कपाट उघडलं तर वह्यांचा लगदा झालेला. शाई पेनची होती, ती केव्हाच पाण्याबरोबर गेली होती. आई रडली नाही. तिनं तो लगदा गच्चीवर वाळत घातला, वाळल्यावर एका पिशवीत भरला आणि पिशवी परत त्याच खणात ठेवली. ते बघून मला जास्त त्रास झाला.

सीडी आठवली ती दिवाळीत. पुण्याच्या घरात सीडी वाचणारं यंत्रही उरलं नव्हतं. ऑफिसातल्या एकाकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. आई शेजारी खुर्ची ओढून बसली. ड्राइव्ह घरघरला, सात फाइली दिसल्या. माझा जीव भांड्यात पडला. पहिली फाइल उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा पाचोळा पसरला. डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ए, पौंडाचं चिन्ह, मधेच आकडे.

“हे काय गं? हे माझं नाही.”

“तुझंच आहे आई. सगळंच्या सगळं आहे. एक बिटसुद्धा गेलेला नाही.”

“मग ओवी कुठाय?”

मी गेली अनेक वर्षं याच क्षेत्रात नोकरी करते. सगळं काही शून्य आणि एकमध्ये साठवतात, हे वाक्य मी नव्या मुलांना किती वेळा सांगितलं असेल. आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या वाक्यात नव्हतं.

*

आधी सीडीवर प्रत्यक्ष काय असतं ते बघू. दुकानात भरलेल्या सीडीच्या आत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझरनं त्या थरावर डाग पाडत जायचं. आतून बाहेर गोल गोल फिरत जाणारी एकच वाट असते; उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. वाटेत उजळ पट्टा, डागाळलेला पट्टा, पुन्हा उजळ.

मला कॉलेजात वाटायचं की डाग म्हणजे एक आणि कोरी जागा म्हणजे शून्य. तसं नाही. उजळातून डागात किंवा डागातून उजळात जाताना जी कड लागते, ती एक. कड न येता जी वाट सरते, तिचे शून्य. म्हणजे ‘एक’ नावाची वस्तू सीडीवर कुठंच ठेवलेली नाही. आहे तो फक्त बदल.

आणि तेही सरळ नाही. एकामागून एक कडा फार जवळ आल्या तर लेझरला त्या वेगळ्या दिसत नाहीत; फार लांब आल्या तर वाचणाऱ्याची लय चुकते. म्हणून आठ बिटांचा, म्हणजे आठ शून्य-एकांचा, प्रत्येक बाइट आधी चौदा बिटांत बदलून घेतात. कोणता बाइट कोणत्या चौदा बिटांत जाईल याची ठरलेली यादी आहे, आणि ती अशी बनवली आहे की दोन एकांच्या मध्ये कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त दहा शून्य यावेत. वर ओरखडे पडले तरी मूळ मजकूर परत उभा करता यावा म्हणून जादा बिट घालून, सगळं जवळपासच्या जागांत पांगवून ठेवतात. आईच्या ओवीतला एक काना त्या चकतीवर असा एका जागी बोट ठेवून दाखवताच येत नाही. तरी तो वीस वर्षांनी जसाच्या तसा बाहेर आला.

हे दोनवरच का थांबलं, हा प्रश्न आईनं त्याच संध्याकाळी विचारला. आपल्याला तर दहा आकडे येतात. मी तिला नदीचं उदाहरण दिलं. पावसाळ्यात पलीकडच्या काठावरून कुणी काही ओरडलं तर शब्द लागत नाहीत. पण आधीच ठरलं असेल की सगळं ठीक असेल तर हात वर करायचा, नाहीतर नाही, तर पाऊस कितीही असो, निरोप पोचतो. तारेतली वीज, चकतीवरचा प्रकाश, चिपमधला सूक्ष्म भार, सगळीकडे असा पाऊस चालूच असतो. दहा पातळ्या ओळखायला लावल्या तर सातची आठ कधी झाली ते कळणार नाही. दोनच ठेवल्या तर चुकायला फार मोठा धक्का लागतो. १९४५ मध्ये उभा राहिलेला अमेरिकेतला एनिॲक हा कॉम्प्युटर दहाच्या पद्धतीनंच मोजायचा. प्रत्येक अंकासाठी त्यात दहा दहा स्थितींची साखळी होती. चालायचा, पण त्याच्यानंतरच्या यंत्रांनी बहुतेक ती वाट सोडली.

आपल्याकडे मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० मध्ये टिफ्रॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ गट मावत, म्हणजे आजच्या मापानं १०,२४० बाइट. प्रत्येक बिटाला फेराइटचा एक बारीक मणी, आणि मण्याचं चुंबकत्व एका दिशेनं फिरवलं की शून्य, उलट दिशेनं फिरवलं की एक. त्या काळच्या अशा स्मृतींमध्ये मण्यांतून तारा हातानं ओवाव्या लागत. आईला त्यातला फक्त तो शब्द आवडला. ओवी आणि ओवणं यांचं नातं ती वर्गात सांगायची. आईच्या सातही फाइली मिळून साधारण ९१ हजार बाइट होत्या. टिफ्रॅकसारख्या जवळजवळ नऊ स्मृती ओवल्या असत्या तेव्हा तेवढ्या ओव्या मावल्या असत्या.

*

मी बिट पहिल्यांदा शिकले ते कॉलेजात नव्हे. सातवी-आठवीत, स्वयंपाकघरात, आईकडून. तेव्हा मला माहीत नव्हतं की आपण बिट शिकतोय.

यमाताराजभानसलगं. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हा शब्द झोपेतून उठवून विचारला तरी येतो. लघु आणि गुरू ही अक्षरांची दोनच मापं, तीन अक्षरांचा एक गण, आणि गण आठ. आठच का, हे मी तेव्हा विचारलं होतं. आई कणीक मळत होती. पिठाच्या हातानंच तिनं ओट्यावर ओळी काढल्या. तीन जागा, प्रत्येक जागी दोनच शक्यता; दोन गुणिले दोन गुणिले दोन. “नववा गण तुला करून दाखवता आला तर तुझं नाव देऊ त्याला,” असं म्हणाली. मी रात्रभर प्रयत्न केला.

त्या दहा अक्षरी शब्दाची खुबी मला फार उशिरा कळली. कुठल्याही अक्षरापासून सलग तीन घ्या : यमाता, मातारा, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगं. आठही गण येतात, प्रत्येक एकदाच, एकही सुटत नाही. शिवाय शेवटची दोन अक्षरं लघु-गुरू आणि पहिली दोनही लघु-गुरू, म्हणून शब्दाचं कडं केलं तर आठ अक्षरांतच काम भागतं. अशा रचनांना गणितात आज डी ब्रुइन या डच गणितज्ञाच्या नावानं ओळखतात. त्यांचा लेख १९४६ चा. आम्ही मुलं त्या शब्दाच्या चालीवर पाय आपटत जिना उतरायचो.

आणि पिंगल. छंदःशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलानं, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, एक अजब प्रश्न सोडवला. समजा, तीन अक्षरांच्या सगळ्या शक्य मांडण्यांची क्रमवार यादी आहे. ती यादी हरवली. मला फक्त क्रमांक माहीत आहे, सहावा. तर सहावी मांडणी कोणती? त्याची रीत अशी : आकडा सम असेल तर निम्मा करा आणि लघु लिहा. विषम असेल तर एक मिळवून निम्मा करा आणि गुरू लिहा. हवी तितकी अक्षरं होईपर्यंत करत राहा.

सहा सम, निम्मे तीन, लघु. तीन विषम, एक मिळवला चार, निम्मे दोन, गुरू. दोन सम, निम्मा एक, लघु. लघु-गुरू-लघु. जगण. जभान.

एक ते आठ अशी सगळी उत्तरं काढली की गण येतात ते या क्रमानं : म य र स त ज भ न. जुन्या ग्रंथांत गणांचा हाच क्रम आहे. गुरूच्या जागी शून्य आणि लघूच्या जागी एक लिहून, उजवीकडून डावीकडे वाचा. शून्यापासून सातपर्यंतचे आकडे ओळीनं मोजलेले दिसतील. आकड्याला परत परत दोननं भागत बिट काढायची रीत मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी फळ्यावर शिकवली गेली. मी वहीच्या समासात ‘मयरसतजभन’ लिहिलं आणि शेजारच्या मुलीनं विचारलं, हे कुठल्या देवाचं?

यावरून पिंगलानं कॉम्प्युटर शोधला असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं, कारण त्यानं जे खरोखर केलं ते त्यामागे झाकलं जातं. त्याला यंत्र करायचं नव्हतं. जेवढी वृत्तं होऊ शकतात तेवढी सगळी मोजायची होती, अजून कुणी कवीनं न लिहिलेलीसुद्धा. शून्य आणि एक या अंकांनी बेरीज-गुणाकार करणारं अंकगणित जर्मन गणितज्ञ लाइबनिझनं १७०३ मध्ये मांडलं. विजेच्या चालू-बंद बटणांच्या जोडणीत तर्क बसवता येतो हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननच्या १९३७ च्या प्रबंधात आलं, आणि ‘बिट’ हा शब्द छापून आला तो त्याच्या १९४८ च्या लेखात. शब्द सुचवणारा जॉन ट्यूकी. पिंगल त्या माळेत ओढून बसवायची गरज नाही. पण दोन वेगळी मापं आणि ठरलेला क्रम एवढ्यावर अख्खं जग उभं करता येतं, हे त्याला दिसलं होतं. त्याला शून्य-एक लागले नाहीत. ल आणि ग पुरले.

*

सीडीच्या त्या पाचोळ्यापुढे बसले असताना मी एक खेळ केला, आईला समजावण्यासाठी. भुजंगप्रयात वृत्ताचा एक चरण घेतला. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे चाल तिला सांगायला नको. चार यगण : लघु गुरू गुरू, चार वेळा. लघूचा एक, गुरूचा शून्य. बारा बिट झाले :

१००१००१००१००

आता हा आकडा आहे असं मानलं तर तो २३४०. युनिकोड या जागतिक यादीत २३४० व्या क्रमांकावर कोणतं अक्षर आहे ते मी सहज पाहिलं आणि खुर्चीतच सरळ झाले. तिथे ‘त’ आहे. देवनागरी त. आणि वेबपानांवर रंग सांगायची जी छोटी पद्धत असते, चार बिट लाल, चार हिरवा, चार निळा, तीत हेच बारा बिट घातले तर डाळिंबी रंग येतो.

योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण मला जे सांगता येत नव्हतं ते त्या बारा बिटांनी सांगितलं. तेच बारा. एकानं म्हटलं वृत्त, एकानं म्हटलं दोन हजार तीनशे चाळीस, एकानं त, एकानं डाळिंबी. बिटांमध्ये यातलं काहीही लिहिलेलं नाही. कोण वाचतंय आणि काय ठरवून वाचतंय, यावर ते ठरतं. डावीकडून वाचायचं की उजवीकडून, हेसुद्धा आधी ठरलेलं असावं लागतं.

आई बराच वेळ त्या डाळिंबी चौकोनाकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे माझी ओवी सीडीत नाही. त्या मुलात आणि त्या सीडीत जे ठरलं होतं, त्याच्यात आहे.”

एवढ्या वर्षांत मला हे इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नव्हतं.

*

आणि ते ठरलेलंच हरवलं होतं. डीटीपीवाल्यानं दुकान केव्हाच बंद केलं होतं, त्याच्या कॉम्प्युटरबरोबर तो फॉन्टही गेला होता.

त्या काळच्या मराठी फॉन्टांची गोष्ट अशी. एका बाइटला २५६ जागा. निम्म्या जागांवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आधीच बसलेली. ती यादी, आस्की, १९६३ ची, सात बिटांची, १२८ जागांची. तीत आपल्यासाठी काहीच नव्हतं. मग फॉन्ट करणाऱ्यांनी सरळ दुसऱ्याच्या खुर्चीत आपला माणूस बसवला. कॉम्प्युटरला वाटायचं की आपण टिंबवाला रोमन ओ काढतोय. फॉन्टनं त्याचं चित्र बदलून तिथे काना काढून ठेवलेला असायचा. जोडाक्षरांसह सगळी मराठी २५६ जागांत मावेना, म्हणून अक्षरांचे तुकडे केले. अर्धा स एका जागी, काना दुसऱ्या. अर्ध्या स ला काना जोडला की स, अजून एक जोडला की सा. छापील कागदावर सुंदर दिसायचं. पण कोणत्या खुर्चीत कोण, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवायची, आणि एकीचं दुसरीशी जुळायचं नाही.

असं व्हायला नको होतं, कारण सगळ्यांसाठी एकच यादी करायचं काम तोवर झालेलं होतं. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं काढलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तीत देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या, मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावरून घेतलेली. गल्लीतल्या दुकानापर्यंत ते पोचायला मात्र आणखी पुष्कळ वर्षं गेली. दरम्यानच्या काळात मराठीत किती दिवाळी अंक, किती पत्रिका, किती प्रबंध, किती लग्नाच्या याद्या अशा पाचोळ्याच्या भाषेत टाइप झाल्या असतील, या विचारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. कागद सांभाळला असेल तर ठीक. नाहीतर बिट शाबूत आणि मजकूर गेलेला.

इंटरनेटवर अशा फॉन्टांचे कन्व्हर्टर मिळतात. चार वापरून पाहिले. एकानं निम्मे शब्द लावले आणि जोडाक्षरं फोडली. बाकीच्यांनी एका पाचोळ्याचा दुसरा केला.

मग मावशीचा फोन आला. डीटीपीवाल्यानं दिलेलं नमुन्याचं प्रूफ आईनं तेव्हा तिला वाचायला पाठवलं होतं. एक पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं, तिच्या देवघरातल्या पोथीत घडी घालून ठेवलेलं सापडलं. बहिणीच्या हातचं म्हणून पोथीत. मावशीनं त्याचा फोटो पाठवला आणि वर तोंडानं वाचूनही दाखवलं, फोटो नीट आला नसेल तर असावं म्हणून.

*

प्रूफवर काय छापलंय ते डोळ्यांसमोर, त्याच मजकुराचे बाइट फाइलीत. एवढं मिळाल्यावर बाकी सगळी मजुरी होती, आणि ती मी फार आनंदानं केली. रोज रात्री जेवणं झाली की सांगलीला फोन लावायचा. आई प्रूफवरची ओळ वाचणार, मी आकडे लावणार.

सगळ्यात आधी नुसतं मोजून पाहिलं की कोणता बाइट किती वेळा येतो. सगळ्यात वर २१४ आला, बिटांत ११०१०११०. हाच तो टिंबवाला ओ. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “काना असणार. बायकांच्या गाण्यात दुसरं काय, माझा माझा माझा.” कानाच निघाला. १९५ म्हणजे अर्धा स. सासू, सासर, सखी सगळ्या ओळीनं उभ्या राहिल्या.

पहिल्या वेलांटीनं दोन आठवडे खाल्ले. कागदावर ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते, आणि त्या फॉन्टमध्ये ती तशीच, आधी टाइप केलेली होती. युनिकोडमध्ये उलट : आधी क, मग वेलांटी, दाखवताना ती डावीकडे सरकवायचं काम फॉन्टचं. मी आईकडे तक्रार केली तर ती म्हणाली, “यात काय, बाराखडी तशीच आहे की. क ला पहिली वेलांटी कि. आधी क च म्हणतो ना आपण?” खरंच. यंत्र जे साठवतं तो क्रम हातानं लिहिण्याचा नाही, तोंडानं म्हणण्याचा आहे. पहिलीतलं पोर पाटीवर बोट ठेवून जे म्हणतं, तेच. रफाराचं तसंच. सूर्यातला र दिसतो शेवटी, डोक्यावर, पण उच्चार आधी, म्हणून साठवणही आधी. हे लक्षात आल्यापासून मी अडले की आकड्यांकडे बघायचं सोडून शब्द मोठ्यानं म्हणून बघू लागले.

म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. ‘मराठी’ या शब्दाचे पाच क्रमांक झाले. साठवताना प्रत्येक क्रमांकाचे तीन बाइट होतात. ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी अमेरिकेत एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. पहिला बाइट १११० नं सुरू होतो, म्हणजे ‘माझ्यासकट तिघं आहोत’. पुढचे दोन १० नं, म्हणजे ‘मी मागचा आहे’. मधूनच वाचायला सुरुवात केली तरी कुठलं अक्षर कुठं सुरू होतं ते कळतं. तीन बाइट जास्त झाले असं म्हणणारे आहेत. मला ते जास्त वाटत नाहीत. ‘आई’ लिहायला ४८ बिट लागतात. पण ते ४८ बिट आता सांगलीत, पुण्यात, जपानमधल्या कॉम्प्युटरवर, कुठेही आईच राहतात. त्यांना कुणा एकाच्या दुकानातल्या फॉन्टची गरज नाही.

शेवटी एक बाइट राहिला. १८६. सात फाइलींत मिळून अकरा वेळा, आणि प्रूफवर एकदाही नाही. प्रत्येक वेळी त्याच्यापुढे य किंवा ह. मी तक्ते काढले, आजूबाजूची अक्षरं मांडली, तीन रात्री त्याच्यावर घालवल्या. मग फोनवर आईला ओळ वाचून दाखवली, मधली जागा रिकामी सोडून : व ला काना, काहीतरी, मग या, संगं, धाडते, निरोप, माझ्या भावाला.

आईनं मला ओळ पुरी करू दिली नाही. ती गुणगुणलीच ती, जात्याच्या लयीत, मधे श्वास घेऊन. “वाऱ्यासंगं. वाऱ्यासंगं गं. आजी म्हणायची ती.”

अर्धा र. वाऱ्यातला, दुसऱ्यातला, तऱ्हेतला, मराठीत अर्धचंद्रासारखा आडवा लिहायचा तो. हिंदीला तो लागत नाही, आणि मी वापरलेल्या कन्व्हर्टरांना तो माहीतच नव्हता. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त द्यायचा. मी तक्त्यात १८६ पुढे ते लिहिलं आणि प्रोग्रॅम चालवला. अकराही जागा भरल्या. सातही फाइलींत एकही अनोळखी बाइट उरला नाही.

*

छापील पानं घेऊन मी सांगलीला गेले. आईनं चष्मा पुसला, पहिली पानं हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर तिच्या हातात लाल पेन होतं.

“हे बघ. ‘दिर’ लिहिलंय. दीर. दी दीर्घ. तेव्हासुद्धा मी त्याला सांगितलं होतं.”

चूक डीटीपीवाल्याची होती आणि ती वीस वर्षं सीडीवर तशीच, निष्ठेनं जपली गेली होती. मी लॅपटॉप काढला, ती ओवी शोधली, पहिली वेलांटी खोडून दुसरी घातली. सवयीनं दोघींचे क्रमांक पाहिले. पहिली वेलांटी २३६७, दुसरी २३६८. यादीत शेजारी शेजारी बसलेल्या. पण बिटांत लिहिल्यावर एक आहे १००१००११११११, आणि दुसरी १००१०१००००००. नव्याण्णवाचे शंभर होताना जसे सगळे आकडे फिरतात, तशा शेवटच्या सातही जागा उलटल्या होत्या. ‘दि’ लघु, ‘दी’ गुरू.

आईला दाखवलं. तिनं दोन्ही ओळींवर लाल पेनाचं टोक फिरवत, एकेक करत, सात जागा मोजल्या.

“बरोबर आहे,” म्हणाली, आणि पान उलटलं.